सकाळी चालतंय, दहानंतर नाटकं : शिरोलीतल्या एका प्लाझ्मा कटरचं प्रकरण

वेल्डिंग-कटिंगची मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक गाळा आहे, पण निम्मं काम फिरतीवर : शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत. इथं मांडतोय ते प्रकरण काही माझ्या कौतुकाचं नाही. प्लाझ्मा कटर म्हणजे विजेच्या आर्कनं तापलेल्या हवेच्या झोतानं लोखंड कापणारं मशीन. त्याच्या एका टॉर्चपायी, म्हणजे हातात धरायच्या कापणाऱ्या तोंडापायी, तीन फेऱ्या झाल्या, आणि पहिल्या फेरीत मी दुखणं बरं करायच्या ऐवजी वाढवून आलो. पण प्लाझ्मा वापरणाऱ्या बऱ्याच शेडमध्ये हेच दुखणं थोड्याफार फरकानं बघतो, म्हणून सगळं क्रमानं लिहितोय, माझ्या चुकीसकट.

शेड शिरोलीत. काम उसाच्या ट्रॉल्यांचं. कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात, म्हणजे ट्रॉली त्याआधी शेतकऱ्याच्या दारात उभी पाहिजे. त्यामुळं ऐन पावसाळ्यात, बाकीचे हातावर हात धरून बसलेले असताना, यांना मान वर करायला सवड नसते. एक्सलचे ब्रॅकेट, हुकाच्या प्लेटा, कोपऱ्यातले गसेट, सगळं १० आणि १२ मिमीच्या प्लेटमधून प्लाझ्मानं हातावर कापायचं. अधेमधे गुऱ्हाळाच्या काहिलींची डागडुजीही चालते. मशीन तीन फेजवरचं, १०० अँपिअरचं इन्व्हर्टर. टॉर्च पी-८० जातीची, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सीच्या (एचएफ) ठिणगीवर पायलट आर्क, म्हणजे प्लेटला धरण्याआधीचा छोटा आर्क, पेटवणारी. आत इलेक्ट्रोड, त्याच्यापुढं बारीक भोकाचं नॉझल, दोन्ही झिजले की बदलायचे. तीन वर्षं वापरात, मोठी तक्रार कधी नाही.

आषाढात मालकांचा फोन आला. "आठ दिसांत नऊ इलेक्ट्रोड गेल्यात. नॉझल तर मोजायचंच सोडलंय. मशीनमधी काय तर गडबड हाय, या बघू."

पहिली फेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच पोचलो. कापायला असतात ते मामा पन्नाशीचे, गॅस कटिंगच्या जमान्यापासून या कामात. त्यांनी सांगितलेली लक्षणं अशी : ट्रिगर दाबला की कधी पायलट येतो, कधी नुसतीच हवा. आर्क धरला तर फुरफुरतो, मध्येच हिरवी झाक मारतो. चार-पाच प्लेटांत नॉझलचं भोक अंड्यासारखं लांबट होतं.

'पायलट कधी येतो, कधी नाही' हे ऐकलं की माझ्यासारख्याचं डोकं थेट एचएफकडं जातं. कव्हर उघडलं. ही ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क गॅपची टोकं काजळली होती, ती घासली, फट पुस्तकात दिल्याप्रमाणं लावली. टॉर्चला नवा इलेक्ट्रोड, नवं नॉझल. १२ मिमीच्या प्लेटवर हातभर कट मारून बघितला. सरळ, खाली मळी (वितळून चिकटलेलं लोखंड) नाही, आवाज एकसुरी. झालं म्हणालो, चहा घेतला, पैसे घेतले.

निघताना कॉम्प्रेसरजवळ नवाकोरा एफआरएल संच दिसला. एफआरएल म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर, तिन्ही एका दांड्यावर जोडून मिळतात. त्यातल्या शेवटच्या वाटीत तेल तळाला गेलं होतं. हवेवरच्या ग्राइंडरची सवय हाताला, तोंडातून निघून गेलं, "यातलं तेल संपत आलंय रे, भरून ठेव." तिथल्या पोरानं लगेच काठोकाठ भरलं.

दुपारी तीनला फोन. "तुमी गेल्यावर तासभर चाललं बगा. आता परत त्येच."

दुसरी फेरी

मधे तीन-चार दिवस गेले. तेवढ्यात मालकांनी आणखी एका दुरुस्तीवाल्याला मशीन दाखवलं. त्यानं मेन बोर्ड गेलाय असं सांगून २२ हजारांचा आकडा टाकला. मालकांनी तो मला सांगितला तो थोडा टोमण्यासारखाच. मी म्हणालो, बोर्ड गेला असता तर सकाळी नऊला पण गेलेलाच असता. हे बोललो आणि माझं मलाच जाणवलं की सकाळ-दुपार हा फरक पहिल्या दिवशी मी विचारलाच नव्हता.

मग टॉर्चला हात न लावता मामांसमोर स्टूल ओढून बसलो. किती वाजता बिघडतं?

"सकाळच्या पारी बरं चालतंय. धा वाजलं की नाटकं सुरू. जेवणाच्या सुट्टीत बंद ठेवलं की परत अर्धा तास गुण्यागोविंदानं."

मशीन गरम होऊन थर्मल कटऑफ लागतो का? नाही, तो दिवा कधीच लागलेला नाही. मे महिन्यापर्यंत नीट होतं, मग मेनंतर काय काय बदललं? मालक म्हणाले, काहीच नाही. पण पोरगं मधेच बोललं आणि तीन गोष्टी बाहेर आल्या. मेच्या शेवटी हवेवरचा ग्राइंडर घेतला, त्याच्यासाठी तो एफआरएल बसवला. ऑर्डरी वाढल्या म्हणून रेड ऑक्साइड मारणारा रंगारी, जो आधी संध्याकाळी यायचा, तो दिवसा कटिंगच्या जोडीनंच काम करायला लागला. आणि पाऊस सुरू झाला, जो मालकांच्या हिशेबात बदल नव्हताच, दरसालचाच. कॉम्प्रेसर मात्र तोच, तीन एचपीचा, एका स्टेजचा.

वीज तपासली. फेजमध्ये भार असताना ४०० व्होल्टच्या आसपास, तिन्ही जवळजवळ सारखे. इथं नवख्या पोरांसाठी एक सांगतो : एचएफच्या मशीनच्या आउटपुटला डिजिटल मीटर लावून ट्रिगर दाबू नका. ठिणगी मीटरच्या पोटात शिरते आणि मीटर तिथंच मान टाकतो. माझा एक गेलाय. आणि टॉर्चचा कप (तोंडावरचं झाकण) उघडण्याआधी मेन बंद करायचा. या मशीनचा मोकळा व्होल्टेज (आर्क पेटलेला नसतानाचा) २०० ते ३०० डीसीच्या घरात असतो आणि पावसाळ्यात शेडची फरशी ओली, पायात स्लिपर. वेल्डिंगच्या ७०-८० व्होल्टचा सराव झालेला माणूस इथं फसतो.

डब्यातले इलेक्ट्रोड

मामांनी जुने सगळे सुटे भाग बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. तांबं आहे, भंगारवाला घेतो. डबा कागदावर ओतला आणि अर्धा तास तेच बघत बसलो.

प्लाझ्माचा इलेक्ट्रोड तांब्याचा, पण आर्क तांब्यावर धरत नाही. टोकाला मधोमध मोहरीएवढा करडा ठिपका असतो, तो हाफ्नियमचा. हा धातू १९२३ साली कोपनहेगनमध्ये सापडला, त्या शहराचं लॅटिन नाव हाफ्निया, तेच धातूला दिलं. टिग वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये असतो तसा टंगस्टन इथं चालत नाही, कारण कापायला साधी हवा वापरतो आणि हवेतल्या ऑक्सिजननं टंगस्टन बघता बघता जळून जातो. हाफ्नियम २,२०० अंशांच्या वर वितळतो, आणि वर त्याच्या ऑक्साइडची साय धरते ती त्याहून चिवट. तरी प्रत्येक वेळी आर्क पेटताना-विझताना कणभर हाफ्नियम उडतोच, म्हणून ठिपक्याच्या जागी हळूहळू खड्डा पडतो. खड्डा साधारण दीड मिमीचा झाला की इलेक्ट्रोड टाकायचा. नाही टाकला तर आर्क बाजूच्या तांब्यावर सरकतो. तांबं १,०८५ अंशाला पाणी होतं. मामांना दिसणारी हिरवी झाक ती तीच, जळत्या तांब्याची.

व्हर्नियरच्या (बारीक माप घ्यायच्या पट्टीच्या) मागची काडी एकेका खड्ड्यात घातली. नऊपैकी सात दोन मिमीच्या पुढं. ते एक वेळ समजू शकतो, मामांनी उशिरा बदलले. पण सहा इलेक्ट्रोडचा खड्डा मधोमध नव्हताच, एका अंगाला कलला होता, जणू कुणी पोहे खाताना चमचा एकाच बाजूनं चालवलाय. हवा इलेक्ट्रोडभोवती भोवऱ्यासारखी फिरते तेव्हाच आर्क मध्यावर बसतो. खड्डा बाजूला म्हणजे भोवरा लंगडा.

नॉझलच्या आतली बाजू बघितली. भोकाच्या तोंडाशी बारीक चावे, आणि आत तपकिरी, बोटाला चिकटणारी काजळी. चावे पाण्याचे, हे मी आधीही पाहिलं होतं. तपकिरी चिकट थर मात्र तेलाचा. टॉर्च उघडून डिफ्यूझरची रिंग काढली, जिच्या तिरप्या भोकांतून हवा फिरकी घेऊन आत येते. त्यातली दोन भोकं जळक्या तेलानं पक्की बुजली होती. लंगड्या भोवऱ्याचा हिशोब लागला.

तेल आलं कुठून, हे विचारायची गरज राहिली नाही. एफआरएलचा एल. ग्राइंडरच्या बेअरिंगला तेल लागतं, म्हणून ल्युब्रिकेटर हवेत मुद्दाम तेलाचे थेंब सोडतो. ग्राइंडर आणि प्लाझ्मा दोन्ही त्याच एका लाइनवर होते. आणि ती वाटी काठोकाठ भरायला सांगणारा शहाणा मीच. मालकांना सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत, फक्त पोराकडं बघून हसले. ते हसू मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

कागदाची परीक्षा

पाण्याचा पुरावा अजून हातात नव्हता. मशीनवर नुसती हवा सोडायचं बटण असतं, आर्क न पेटवता. खिशात एक लग्नपत्रिका होती, तिची गुळगुळीत कोरी बाजू टॉर्चच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरली आणि दहा सेकंद हवा सोडली. दहा वाजता : कागद कोरडा, फक्त एक फिकट पिवळा डाग. मामांना म्हणालो, नेहमीसारखं काम चालू ठेवा. रंगाऱ्यालाही.

पावणेबाराला आर्क फुरफुरायला लागला. तसंच थांबवून पत्रिका पुन्हा धरली. पत्रिकेवर मोत्यासारखे थेंब, मधेमधे तेलाचे पिवळे गोल. पोरगं खाली वाकून बघायला लागलं. त्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्याच गप्पा होत्या, ३९ फुटांची इशारा पातळी जवळ आलेली, ४३ ला धोका. २०१९ ला हायवे बंद झाला तेव्हा ही माणसं शेडमध्ये अडकली होती, त्यामुळं पातळी हा इथं गमतीचा विषय नाही. पण मामा थेंबांकडं बघून म्हणाले, "लोकं पंचगंगेचं पाणी बंधाऱ्यावर बघत्यात, तुमी टॉर्चमधी बघतासा."

मालकांचा प्रश्न रास्त होता. "फिल्टर हाय की. वाटीत पाणी साठतंय, पोरगं रोज काढतंय. मग ह्ये पुढं कसं आलं?"

उत्तर कॉम्प्रेसरच्या टाकीवर हात ठेवल्यावर मिळालं. तीन-चार सेकंदांत हात काढावा लागत होता, म्हणजे ५५ अंशांच्या आसपास. रंगाऱ्याची गन, ग्राइंडर आणि प्लाझ्मा तिघं मिळून हवा ओढत होते, कॉम्प्रेसर सकाळी दहापासून थांबतच नव्हता. तापलेली हवा पाणी सोडत नाही, वाफ म्हणून पोटात धरून ठेवते. फिल्टर फक्त थेंब झालेलं पाणी पकडतो, वाफ त्याच्यातून सरळ निघून जाते. आणि यांचा फिल्टर टाकीला चिकटूनच बसवलेला. पुढं वीस मीटर रबरी पाइप, ओल्या फरशीवरून. त्या पाइपमध्ये हवा निवते आणि पाणी तिथं सुटतं, फिल्टर ओलांडल्यावर.

मी पाठकोऱ्या बिलावर हिशोब मांडून दाखवला. पावसाळ्यात २५ अंशाला, ९० टक्के दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २० ग्रॅम पाणी असतं. ती ७ बारला दाबली की (बाहेरच्या हवेचा एक बार धरून आठ) आकार आठवा हिस्सा होतो. ५५ अंशाला त्या दाबलेल्या हवेत मूळच्या घनमीटरमागं १३ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे टाकीत जेमतेम सात ग्रॅमच पडतं. पाइपमध्ये हवा २७ अंशांवर आली की तीनच ग्रॅम मावतं, उरलेलं दहा ग्रॅम पाइपमध्ये. टॉर्च मिनिटाला २०० लिटर हवा खाते, तासाला १२ घनमीटर. बारा दाहे एकशे वीस. तासाला १२० मिली पाणी फिल्टरच्या पुढं, टॉर्चच्या वाटेवर. मालकांनी टेबलावरचा चहाचा ग्लास उचलून बघितला. तेवढंच.

सकाळी नाटकं का नाहीत, हेही यातच आलं. सकाळी टाकी थंड, पाणी टाकीतच पडतं, पाइप रात्रभर निथळलेला. मी पहिल्या दिवशी नऊला पोचलो, माझा कट झकास निघाला, आणि मी त्याचं श्रेय स्पार्क गॅपला दिलं. पायलट न पेटण्याचं कारणही तेच पाणी. टॉर्चच्या डोक्यात ओल धरली की एचएफची ठिणगी इलेक्ट्रोड-नॉझलच्या फटीत उडायच्या ऐवजी ओल्या वाटेनं निसटते. बोर्ड बिचारा ठणठणीत.

दाबाची गोष्ट थोडक्यात. रेग्युलेटरचा काटा साडेसहा बार दाखवत होता, म्हणून कुणी संशय घेतला नाही. पण तो काटा हवा बंद असतानाचा. हवा सोडून बघितलं तर काटा ३.४ वर. या मशीनला वाहत्या हवेत पाचच्या आसपास लागतात. फिल्टरची कांडी (आतला गाळणारा भाग) तेल-पाण्याच्या चिखलानं बुजली होती, आणि रंगाऱ्यानं गन दाबली की आणखी खाली. मशीनचा कमी दाबाचा दिवा त्याच्याही खाली गेल्यावर लागतो, त्यामुळं तो गप्प. कमी हवेत नॉझल थंडच होत नाही, आर्क नॉझलच्या काठाला चाटतो आणि भोक अंड्यासारखं होतं. मालकांनी यावर उपाय म्हणून मधे दाब आठवर नेऊन बघितला होता. जास्त दाबानं तर पायलट धरणं आणखी अवघड.

काय केलं

सगळ्यात आधी ल्युब्रिकेटर लाइनमधून काढला आणि ग्राइंडरच्या पाइपवर, त्याच्या तोंडाशी बसवला. रबरी पाइप टाकून दिला. आतून तेल प्यालेला पाइप कितीही फुंका, महिनाभर तेल देत राहतो. टॉर्चच्या केबलमधून मात्र कोरडी हवा अर्धा तास सोडली, नवी टॉर्च घ्यायची वेळ आली नाही. डिफ्यूझर रिंग नवी.

खरा प्रश्न हवा फिल्टरच्या आधी निववायचा. रेफ्रिजरेशन ड्रायर घेतला की विषय मिटतो, तो हवा तीनेक अंशांपर्यंत थंड करून पाणी काढतो. पण एका टॉर्चसाठी मालकांना तो खर्च जड होता, आणि मलाही आग्रह करावासा वाटला नाही. पत्र्याच्या छपराखाली ५५ अंशांची हवा थेट ड्रायरमध्ये सोडली तर तोही दमतो, आधी निववायला लागतेच. मग निववायचंच आहे तर स्वस्तात का नाही? तांब्याची अर्ध्या इंची नळी, १५ मीटर, वेटोळं करून पाण्यात बुडवायची, हे जुनं तंत्र.

पाण्याला भांडं काय? मी प्लास्टिकचा ड्रम म्हणालो. मामांनी शेडच्या मागं बोट दाखवलं. डागडुजीला आलेली एक काहील तिथं पालथी पडली होती, गुऱ्हाळवाला दिवाळीच्या आसपास न्यायला येणार. ती सरळ केली, छपराचं पावसाचं पाणी आपोआप तिच्यात पडतं अशी ठेवली. गुळाचा रस जिथं उकळतो तिथं हवेचं वेटोळं थंड व्हायला बसलं. पसरट भांड्यातलं पाणी तापत नाही, हवेला उघडं राहतं, त्यामुळं ड्रमपेक्षा हे बरंच झालं.

काहिलीतून पुढं जीआय पाइप भिंतीवरून, किंचित उतार देऊन. उताराच्या शेवटी खाली लोंबणारं एक टोक आणि त्याला ड्रेन कॉक. टॉर्चकडं जाणारी शाखा पाइपच्या वरच्या अंगातून काढून वळवून खाली आणली, म्हणजे पाणी तळातून वाहत पुढं जातं आणि शाखेत उतरत नाही. पाणी पकडणारा फिल्टर आणि तेलाचे बारीक कण अडवणारा दुसरा फिल्टर, दोन्ही मशीनच्या पाठीला, टाकीपाशी नाही. प्लंबरनं पीव्हीसी पाइप सुचवला होता, निम्म्या पैशात. नको म्हणालो. पाण्याचा पीव्हीसी फुटला तर गळतो, हवेचा फुटला तर काचेसारखे तुकडे उडतात.

रंगाऱ्याची वेळ पुन्हा संध्याकाळी न्या, एवढीच माझी एक विनंती मालकांना पटेना. शेवटी दुपारी दोननंतर रंग, त्याआधी कटिंग, अशी तडजोड झाली. मधे कुणीतरी सल्ला दिला होता की कॉम्प्रेसर बाहेरच्या छपरीतून आत घ्या, आत हवा कोरडी. आषाढात कोल्हापुरात आत-बाहेर हवा सारखीच ओली, त्यात पैसे घालू नका म्हणालो.

तिसरी फेरी

आठवड्यानं गेलो तेव्हा पत्रिका कोरडी, दुपारी एकलाही. इलेक्ट्रोडचा खड्डा मधोमध. पण मामांच्या नव्या तक्रारी तयार.

एक, काही प्लेटांवर पायलट येतो पण आर्क प्लेटला धरत नाही. अर्थिंगचा क्लॅम्प उचलून बघितला. तो रंग मारलेल्या फिक्स्चरला (प्लेट धरायच्या सांगाड्याला) लावलेला, केबलच्या लगला (टोकाच्या जोडाला) हात लावला तर गरम. लग नवा मारला, क्लॅम्प थेट प्लेटला, घासलेल्या जागी. पाच मिनिटांचं काम. पण हे आठवडाभर असंच चाललं असतं तर पायलट पेटत राहून नॉझल खात राहिला असता आणि पुन्हा टॉर्चच बदनाम झाली असती.

दुसरी तक्रार ऐकून मात्र हसू आलं. "कट एका बाजूनं काटकोनात येतोय, दुसऱ्या बाजूनं तिरका. रिंग तिरकी बसली काय?" हा दोष नाही. हवेचा भोवरा घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्यामुळं टॉर्च पुढं नेताना उजव्या हाताची कड सरळ येते आणि डावी थोडी कलते. मापाचा तुकडा उजवीकडं राहील असं चालायचं, भंगार डावीकडं. मामा तीन वर्षं कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं कापत होते आणि नशिबाला बोल लावत होते. सोळा मिमीवर हातानं कापताना तरीही कड कलते, ते माझ्याच्यानं सुटलेलं नाही.

मग त्यांना कापताना थोडा वेळ बघत उभा राहिलो. १२ मिमीच्या प्लेटला भोक पाडताना ते टॉर्च सरळ उभी धरत. वितळलेलं लोखंड उसळून नॉझलवरच परत येतं. टॉर्च तिरकी धरून आर्क आत घुसू द्यायचा, ठिणग्या एका अंगाला गेल्या की सावकाश सरळ करायची. खाली फेसाळ, हातोडीनं पडणारी मळी राहिली तर चाल मंद आहे, पातळ आणि चिवट कड राहिली तर घाई होतेय. हे त्यांना ठाऊकच होतं, गॅस कटिंगवाला माणूस. ठाऊक नव्हतं ते वेगळंच. ट्रिगर सोडल्यावर टॉर्चमधून आणखी काही सेकंद हवा येते, मामा ती फुकट जाते म्हणून मशीनचा कॉक लगेच बंद करायचे. ती हवा इलेक्ट्रोड थंड करायला असते.

"आमाला वाटलं गळतीय," मामा म्हणाले.

त्यानंतर पोराला एक वही लावून दिली : इलेक्ट्रोड कधी घातला, कधी काढला, खड्डा किती, ड्रेन कॉकखालच्या बाटलीत दिवसाला पाणी किती. श्रावणातल्या पानांवर इलेक्ट्रोड अडीच-तीन दिवस टिकलेला दिसतो, बाटलीत रोज पाऊण लिटर ते एक लिटर. २२ हजारांचा बोर्ड कुणी घेतला नाही. मी तिसऱ्या फेरीचे पैसे मागितले नाहीत, मालकांनीही आग्रह केला नाही, तेलाची वाटी दोघांच्याही लक्षात होती.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. गुऱ्हाळवाला काहील न्यायला आला होता आणि आपल्या काहिलीत तांब्याची नळी बघून अवाक झाला होता. पाणी ओतून काहील टेम्पोत चढली, वेटोळं एका निळ्या ड्रममध्ये गेलं. पोरानं वही दाखवली. थंडीची चाहूल लागली तसं बाटलीतलं पाणी अर्ध्या ग्लासावर आलं होतं. त्यानं त्याच्यापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं, फिल्टर बिघडला की काय म्हणून.